आकड्यांचे चित्र आणि वैद्याचा डोळा

आजच्या मोठ्या रुग्णालयांत क्ष-किरण विभागाच्या आतल्या बाजूस एक मंद उजेडाची खोली असते. एक मेज, मेजावर दोन-तीन उभे पडदे आणि त्यांपुढे बसलेला एक डॉक्टर, एवढाच तिचा संसार. पडद्यावर ज्याचे शरीर उलगडत असते त्या रुग्णाला या डॉक्टराने बहुधा कधी पाहिलेलेही नसते. हाताखालचे लहानसे चाक तो फिरवितो, तसतशी छातीची एकेक चकती पुढे सरकते. फुप्फुसे विस्तारत जातात, हृदय दिसू लागते, मावळते, आणि पोटाचा प्रांत सुरू होतो. या मेजाला ‘वर्कस्टेशन’ असे म्हणतात. स्टेथॉस्कोपला किंवा शस्त्रवैद्याच्या सुरीला लोकांच्या मनात जे स्थान मिळाले ते या मेजाला मिळालेले नाही, कारण रुग्णाच्या दृष्टीस ते पडतच नाही. तथापि गेल्या अर्धशतकात रोगनिदानाच्या कामात जो मोठा पालट झाला, तो अखेर याच मेजावर येऊन स्थिरावला आहे. चित्र तयार होणे आणि ते पाहणे या दोन क्रिया एकमेकींपासून कशा वेगळ्या झाल्या, व त्यामुळे पाहणाऱ्याच्या माथी कोणती नवी जबाबदारी आली, हे या मेजाच्या इतिहासावरून समजते.

या इतिहासाचा आरंभ काचेपासून करावा लागतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या प्राध्यापकास एका अदृश्य किरणाचा शोध लागला, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र त्या किरणांनी घेतले. बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी यांची ती सावली पुढे जगभर प्रसिद्ध झाली. राँटगेनने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे थोड्याच काळात ही विद्या देशोदेशींच्या रुग्णालयांत पोहोचली. पुढे काचेच्या जागी फिल्म आली. ओली फिल्म वाळवावी, प्रकाशपेटीवर लावावी आणि पेटीतील दिवा लावून तिच्याकडे पाहावे, अशी रीत पडली व ती जवळजवळ शंभर वर्षे टिकली.

फिल्मचा एक मोठा गुण होता. तिच्यावर जे उमटले ते कायमचे उमटले. कालचे चित्र आज पाहिले तरी तेच, आणि एका डॉक्टराने पाहिले तेच दुसऱ्यानेही पाहावयाचे. परंतु हाच तिचा दोषही होता. किरणे कमी पडली तर चित्र फिके, अधिक पडली तर काळेकुट्ट, आणि एकदा धुतलेल्या फिल्मला त्यावर इलाज नसे. रुग्णाला पुन्हा एकदा किरणांपुढे उभे करावे लागे. शिवाय फिल्म एका वेळी एकाच जागी असावयाची. ती शस्त्रक्रियागृहात गेली की वॉर्डातील वैद्य खोळंबला, आणि दप्तरखान्यातून गहाळ झाली की त्या रुग्णाचा पूर्वेतिहासच गहाळ झाला.

याहून मोठी अडचण निराळी होती. क्ष-किरणांचे चित्र म्हणजे सावली होय. कोकणात पिंगुळीकडे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ होतो, त्यात दोन बाहुल्या एकीमागे एक उभ्या राहिल्या तर पडद्यावर त्यांची एकच सावली पडते आणि पुढची कोणती, मागची कोणती, हे प्रेक्षकाला उमगत नाही. शरीराचेही तसेच आहे. छातीच्या चित्रात फासळ्या, हृदय, फुप्फुसे आणि पाठीचा कणा हे सर्व एकावर एक पडतात. कवटीच्या चित्रात तर मेंदू दिसतच नसे, कारण हाडाच्या गडद सावलीपुढे मेंदूतील सूक्ष्म भेदांचा टिकाव लागत नसे. मेंदूत गाठ आहे असा संशय आला म्हणजे कण्यातून हवा भरून मेंदूतील पोकळ्यांची रूपरेषा पाहावी, किंवा पोर्तुगालच्या एगाश मोनिज यांनी १९२७ साली दाखविल्याप्रमाणे रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांची वळणे तपासावी, आणि त्यांवरून गाठीचा तर्क करावा, एवढेच वैद्याच्या हाती होते. हवा भरण्याचा तो प्रकार रुग्णास अत्यंत क्लेशदायक होई.

ही कोंडी फोडणारा मनुष्य वैद्य नव्हता. गॉडफ्री हौन्सफील्ड हा इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १९१९ चा. दुसऱ्या महायुद्धात वायुदलात त्याने रडारचे काम केले, आणि नंतर ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ई.एम.आय. या कंपनीत तो नोकरीस लागला. तेथे प्रारंभीच्या ब्रिटिश ट्रान्झिस्टर-गणकयंत्रांपैकी एकाच्या रचनेत त्याचा मोठा भाग होता. १९६७ साली त्याच्या मनात असा विचार आला की, एखाद्या बंद पेटीतून सर्व दिशांनी किरण सोडले आणि प्रत्येक किरण बाहेर पडताना किती क्षीण झाला ते मोजले, तर पेटीत कोठे काय आहे हे गणिताने काढता आले पाहिजे. या प्रश्नाचे शुद्ध गणित ऑस्ट्रियाचे योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडले होते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अॅलन कॉर्मॅक यांनीही १९६३ व १९६४ साली याच विषयावर निबंध प्रसिद्ध केले होते. परंतु त्यांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. हौन्सफील्डला या कामांची माहिती नव्हती. त्याने आपली वाट स्वतःच काढली.

त्याचा पहिला प्रयोग आजच्या दृष्टीने ओबडधोबड वाटेल. लोखंड कातण्याच्या जुन्या लेथचा सांगाडा, त्यावर किरणोत्सर्गी अमेरिशियमचा एक तुकडा आणि समोर किरण मोजणारे उपकरण. किरण क्षीण असल्यामुळे एका नमुन्याची सुमारे २८,००० मापने घेण्यास नऊ दिवस लागले, आणि त्या मापनांचे चित्र करण्यास गणकयंत्राला अडीच तास लागले. पुढे क्ष-किरणांची नळी बसविल्यावर नऊ दिवसांचे काम नऊ तासांवर आले. प्रयोगासाठी बैलाचे मेंदू घेऊन लंडनच्या सार्वजनिक वाहनांतून आपण कसा प्रवास केला, याची आठवण हौन्सफील्डने पुढे स्वतःच नमूद करून ठेवली आहे. बीटल्स या गायकवृंदाच्या तबकड्यांवर कंपनीने मिळविलेल्या पैशातून हे यंत्र झाले, अशी एक आवडती दंतकथा आहे. परंतु २०१२ साली हिशेब तपासण्यात आला तेव्हा ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने दिलेला पैसा कंपनीच्या खर्चाहून पुष्कळच अधिक होता असे दिसून आले. करदात्याचे ऋण दंतकथेत सहसा येत नाही.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डन येथील अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात डॉ. जेम्स अॅम्ब्रोज यांच्या देखरेखीखाली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेण्यात आले. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय असलेली ती एक स्त्री होती. नळी आणि मापक डोक्याच्या दोन बाजूंस एकदम सरकत, १६० मापने घेत. मग सगळा सांगाडा एक अंश फिरे आणि पुन्हा १६० मापने होत. असे १८० वेळा. त्या रुग्णालयात गणकयंत्र नव्हते. मापनांची चुंबकीय फीत शहराच्या दुसऱ्या टोकाला कंपनीकडे नेण्यात आली, तेथे गणित झाले, आणि चित्र परत आले. त्यात गाठ स्पष्ट दिसत होती. शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती त्याच जागी सापडली. एप्रिल १९७२ मध्ये हा शोध जाहीर झाला, आणि १९७९ साली हौन्सफील्ड व कॉर्मॅक यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या घटनेतील एक गोष्ट त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नसेल. ज्या वस्तूला सर्वजण चित्र म्हणत होते ती वस्तुतः आकड्यांची एक सारणी होती. डोक्याच्या एका आडव्या चकतीचे ८० रांगा आणि ८० स्तंभ असे चौकोन पाडावयाचे. एकूण ६,४०० चौकोन, आणि प्रत्येकास एक आकडा. आज त्या मोजपट्टीला हौन्सफील्डचेच नाव आहे. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबी शून्याच्या थोडी खाली, आणि घट्ट हाड १००० च्या आसपास किंवा त्याहूनही वर. मेंदूतील पांढरा व करडा भाग यांत फरक केवळ दहाएक अंकांचा. आरंभीची यंत्रे हे आकडे कागदावर छापूनही देत असत. तो कागद समोर धरून एखाद्या चौकोनातील द्रव्य पाणी आहे की रक्त, याचा विचार करता येई. पडद्यावरील काळे-पांढरे चित्र हे त्या सारणीचे माणसाच्या डोळ्यासाठी केलेले भाषांतर होय.

आणि भाषांतर म्हटले की निवड आलीच. उणे १००० पासून अधिक १००० पर्यंतचे दोन हजार अंक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांत सरसकट वाटून टाकले, तर मेंदूतील दहा अंकांच्या भेदाच्या वाट्याला त्या पट्टीचा दोनशेवा हिस्सा येईल. तेवढा फरक माणसाच्या डोळ्याला कळत नाही. गाठ सारणीत असेल, पण पडद्यावर दिसणार नाही. यावर योजलेला उपाय साधा परंतु दूरगामी होता. यंत्राला दोन खुंट्या बसविण्यात आल्या. एकीने कोणत्या आकड्याभोवती पाहावयाचे ते ठरवावे, दुसरीने किती रुंद पट्टा पाहावयाचा ते. या पट्ट्याला ‘खिडकी’ असे नाव पडले. मेंदू पाहताना खिडकी शून्यापासून ८० पर्यंत ठेवावी. मग शून्याखालचे सर्व काही काळे, ८० च्या वरचे सर्व काही पांढरे, आणि मधल्या ऐंशी अंकांना सगळ्या छटा मिळतात. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळून स्वर जमवावा, तसे हे जमवावे लागते.

खिडकीच्या बाहेर मात्र काहीही दिसत नाही. छातीचे चित्र हृदयासाठी जमविले तर दोन्ही फुप्फुसे डांबरासारखी काळी दिसतात, आणि त्यांतील वाटाण्याएवढी गाठ त्या काळोखात पार बुडून जाते. फुप्फुसांसाठी खिडकी उणे ६०० च्या सुमारास नेऊन पुष्कळ रुंद केली की ती गाठ उजेडात येते, परंतु मग हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या यांचा एक सपाट पांढरा गोळा होतो. हाडांना तिसरी खिडकी लागते. एकाच शरीराची, एकाच क्षणी घेतलेली, एकाच सारणीतून निघालेली ही तीन चित्रे. त्यांपैकी एकच पाहून जो उठला त्याने दोन-तृतीयांश रुग्ण पाहिलाच नाही. फिल्मच्या काळात चित्रात नसलेले दिसले नाही, असे म्हणून वैद्याला मोकळे होता येत असे. आकड्यांच्या चित्राने ही सबब काढून घेतली.

गंमत अशी की, जवळजवळ दोन तपे या आकड्यांचे पुन्हा फिल्मवरच रूपांतर होत राहिले. पडदे असलेली मेजे महाग व मोजकी होती. ती बहुधा यंत्राशेजारी असत आणि यंत्र चालविणाऱ्यालाच लागत. तेव्हा तंत्रज्ञाने खिडकी ठरवावी, बारा-पंधरा चकत्या एका मोठ्या फिल्मवर उतरवून घ्याव्यात, आणि डॉक्टराने त्या जुन्या प्रकाशपेटीवर लावून वाचाव्यात, असा क्रम होता. म्हणजे निवडीचे जे स्वातंत्र्य नव्या विद्येने आणले होते ते डॉक्टरापर्यंत पोहोचण्याआधीच वापरून संपलेले असे.

ते स्वातंत्र्य प्रथम सर्वांच्या नजरेत भरले ते शस्त्रवैद्यांमुळे. शंभर चकत्या मनात एकावर एक रचून घन आकृती उभी करणे ही क्ष-किरणतज्ज्ञाची अंगवळणी पडलेली विद्या. शस्त्रवैद्याला मात्र वस्तू हातात धरल्यासारखी पाहावयाची असते. १९७९ साली गॅबर हर्मन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा चकत्यांवरून इंद्रियांचा पृष्ठभाग पडद्यावर उभा करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील सेंट लुईस येथे एक विलक्षण योग जुळून आला. त्या शहरात विमाने बांधण्याचा मोठा कारखाना होता, आणि विमानाचे वक्र पत्रे गणकयंत्रावर रेखाटण्याचे प्रोग्रॅम त्याच्यापाशी होते. १९८३ च्या सुमारास तेथील वैद्यांनी त्याच प्रोग्रॅमच्या साहाय्याने, जन्मतःच कवटी वाकडी असलेल्या मुलांच्या हाडांची घन चित्रे काढली व शस्त्रक्रिया कशी करावयाची याची आखणी त्यांवरून केली. विमानाच्या पंखासाठी जमविलेले गणित लेकराच्या कपाळासाठी उपयोगी पडले.

१९८७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम लॉरेन्सन व हार्वी क्लाइन यांनी घन पृष्ठभाग काढण्याची एक सुटसुटीत पद्धत मांडली. ती आजही जगभर वापरात आहे. त्याच सुमारास पुढे चित्रपटांसाठी विख्यात झालेल्या पिक्सार कंपनीने १९८६ मध्ये एक चित्र-गणकयंत्र विकावयास काढले, आणि रुग्णालये हेही आपले गिऱ्हाईक होईल अशी आशा धरली. त्याची किंमत १,३५,००० डॉलर होती, आणि ते चालविण्यास आणखी एक निराळे गणकयंत्र लागे. ही आशा फळास आली नाही. घन चित्राचे खरे मोल जाणणारे त्याच्या मोहापासून सावध राहण्यासही सांगत असत, आणि ते योग्यच होते. हाडाचा पृष्ठभाग काढावयाचा म्हणजे कोणत्या आकड्यापासून हाड समजावयाचे हे आधी ठरवावे लागते. ती सीमा थोडी वर धरली की पातळ हाडात नसलेली भोके पडतात. थोडी खाली धरली की असलेला तडा बुजतो. चित्र जितके देखणे, तितका त्यामागचा हा निर्णय डोळ्याआड जातो.

मेज सर्वत्र पोहोचण्याच्या वाटेवर मात्र सर्वांत मोठा अडसर गणिताचा नव्हता. तो व्यापाराचा होता. प्रत्येक कारखानदाराच्या यंत्रातून निघणारी फीत निराळ्या रीतीने लिहिलेली असे, आणि ती त्याच कारखानदाराच्या मेजावर वाचता येई. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुनी दप्तरे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही. मोडीतील कागद समोर असतो, भाषा आपलीच असते, पण त्या कारकुनाचे वळण ओळखणारा जाणता गाठल्यावाचून मजकूर हाती लागत नाही. रुग्णाच्या बाबतीत याचा अर्थ असा की, एका रुग्णालयातील त्याच्या शरीराचे आकडे दुसऱ्या रुग्णालयाला निरुपयोगी होते. त्याच्या शरीराची नोंद ही एका परीने यंत्र विकणाऱ्याच्या कुलपात होती.

जानेवारी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीच येथे वैद्यकीय चित्रे साठविणे व धाडणे या विषयावर पहिली मोठी परिषद भरली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि विद्युत-उपकरणे बनविणाऱ्या कारखानदारांची संस्था यांनी मिळून एक समिती नेमली. समितीने १९८५ साली पहिला सामाईक नियम प्रसिद्ध केला. त्यात पन्नास टाचण्यांच्या जोडाची तार सांगितली होती; दोन यंत्रे तिने एकमेकांस जोडावयाची. १९८८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि १९९३ साली त्याचे संपूर्ण नवे रूप ‘डायकॉम’ या नावाने पुढे आले. आता चित्रे साध्या गणकयंत्रांच्या जाळ्यातून धाडता येऊ लागली, आणि प्रत्येक चित्राच्या आरंभी रुग्णाचे नाव, तारीख, यंत्राचा प्रकार, चकतीची जाडी, आकड्यांचे प्रमाण हे सर्व ठरलेल्या जागी लिहिले जाऊ लागले. वैद्यकीय चित्रांना ही बाळबोध लिपी मिळाली असे म्हणावयास हरकत नाही. या कामात कोणाचे एकट्याचे नाव झाले नाही. परंतु एखाद्या नव्या यंत्राइतकेच, किंबहुना अधिक, कल्याण या रूक्ष नियमावलीने केले आहे.

त्यानंतर फिल्म हटत गेली. व्हिएन्नातील डोनाऊ रुग्णालय १९९२ साली, अमेरिकेत बाल्टिमोर येथील निवृत्त सैनिकांचे रुग्णालय १९९३ साली, आणि लंडनचे हॅमरस्मिथ रुग्णालय १९९६ साली, अशी फिल्मविरहित रुग्णालयांची पहिली उदाहरणे आहेत. फिल्म गेल्यावर एक नवीनच प्रश्न उभा राहिला. प्रकाशपेट्या सगळीकडे सारख्याच. पडदे मात्र कोणी उजळ, कोणी मंद. एकाच आकड्याची छटा दोन पडद्यांवर निराळी दिसली, तर दोन वैद्यांनी एकच चित्र पाहिले असे कसे म्हणावे? म्हणून माणसाच्या डोळ्याला उजेडातील किती बारीक फरक कळतो याची मापने आधाराला घेऊन, कोणता अंक किती उजळ दिसला पाहिजे याचा नियमही डायकॉममध्ये घालण्यात आला. निदानासाठी वापरावयाचे पडदे आजही त्या नियमाशी ताडून पाहिले जातात. घरच्या दूरचित्रवाणी संचासारखा दिसणारा तो पडदा महाग का असतो, याचे एक कारण हे आहे.

लिपी एक झाल्यावर अंतरही आटोपले. अमेरिकेत मध्यरात्री अपघात होऊन आलेल्या रुग्णाचे चित्र बंगळूरमध्ये भर दिवसा बसलेला भारतीय डॉक्टर वाचतो व अहवाल धाडतो, ही व्यवस्था २००२ पासून चालू झाली. मेजाची मक्तेदारीही सुटली. २००४ साली ऑंत्वान रोसे व ओस्मान राटिब यांनी ‘ओसिरिक्स’ नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. महागड्या वर्कस्टेशनवर होणारी पुष्कळशी कामे तो सामान्य मॅकिंटॉश गणकयंत्रावर करून दाखवीत असे, आणि तो सर्वांना विनामूल्य खुला होता. लहान गावच्या शस्त्रवैद्याला आणि वैद्यकीय विद्यार्थ्याला घन चित्रे हाताळण्याची संधी अशा मार्गांनी प्रथमच मिळाली.

याच काळात चित्रांचा पूर आला. १९९८ मध्ये एका फेऱ्यात चार चकत्या घेणारी यंत्रे निघाली. २००४ पर्यंत चौसष्ट चकत्यांची आली. चकतीतील चौकोन ६,४०० वरून २,६२,१४४ वर गेले, आणि एका रुग्णाच्या चकत्या शेकड्यांनी मोजाव्या लागू लागल्या. प्रकाशपेटीवर इतक्या फिल्मी लावणे कोणालाही शक्य नव्हते. चाक फिरवीत पडद्यावर चकत्या पळविणे हाच एक मार्ग उरला. परंतु सगळ्या चकत्या डोळ्यांपुढून गेल्या म्हणजे त्या पाहिल्या असे होते काय?

या प्रश्नाला २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने अंतर्मुख करणारे उत्तर दिले. अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या चकत्या दिल्या व त्यांत कर्करोगाच्या लहान गाठी शोधावयास सांगितले. शेवटच्या रुग्णाच्या काही चकत्यांत त्यांनी एका गोरिलाचे चित्र गुपचूप बसविले होते. सामान्य गाठीच्या अठ्ठेचाळीसपट मोठे ते चित्र चोवीसांपैकी वीस जणांना दिसले नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या उपकरणावरून असे आढळले की, या वीसांतील निम्म्याहून अधिकांची नजर थेट त्या जागेवर पडून गेली होती. हे तज्ज्ञ निष्काळजी नव्हते. ते गाठी शोधत होते, आणि मन जे शोधते त्यापलीकडचे डोळ्यात शिरूनही मनात शिरत नाही. खिडकी जशी यंत्राला असते तशी ती मनालाही असते, आणि तिला खुंट्या नसतात.

मग ही उणीव यंत्रानेच भरून काढावी, असा विचार होणे साहजिक होते. १९९८ साली अमेरिकन सरकारने स्तनांच्या क्ष-किरण चित्रांत संशयास्पद जागेवर खूण करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमला मान्यता दिली, आणि त्याचा प्रसार झपाट्याने झाला. २००७ साली त्या देशातील तीन राज्यांतल्या त्रेचाळीस केंद्रांची पाहणी प्रसिद्ध झाली. हा प्रोग्रॅम आल्यावर अचूकता वाढण्याऐवजी घटली होती. अधिक स्त्रियांना पुन्हा बोलावण्यात आले, अधिक जणींच्या तुकडा-तपासण्या झाल्या, परंतु कर्करोग लक्षणीय प्रमाणात अधिक सापडले नाहीत. हे प्रोग्रॅम पुढे पुष्कळच सुधारले. २०२३ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या ८०,००० स्त्रियांच्या पाहणीत नव्या पद्धतीच्या यंत्राने कर्करोगाचा शोध उणा न पडू देता डॉक्टरांचे वाचनाचे काम सुमारे ४४ टक्क्यांनी हलके केले. मात्र तेथेही प्रत्येक चित्र माणसाने पाहिले होतेच. कोणते एकाने पाहावे आणि कोणते दोघांनी, एवढेच यंत्राने सुचविले. या दोन पाहण्यांमधला धडा स्पष्ट आहे. यंत्राची खूण ही पाहण्याच्या बदली वापरली की घात होतो. कोठे अधिक निरखून पाहावे हे सांगण्यापुरती वापरली की लाभ होतो.

हौन्सफील्ड २००४ साली निवर्तला, तोवर त्याच्या ६,४०० चौकोनांपासून निघालेली ही विद्या कोठल्या कोठे गेली होती. तिचा सर्वांत मोठा लाभ कोणता, असे विचारले तर घन चित्रांचे किंवा वेगाचे नाव पुष्कळांच्या ओठी येईल. रुग्णाच्या बाजूने पाहता उत्तर थोडे निराळे आहे. फिल्मवर निर्णय एकदा उमटला की तो पुसत नसे. आकडे मात्र जसेच्या तसे जपून राहतात, आणि आज पाहणाऱ्याने जी खिडकी उघडली नाही ती उद्या दुसऱ्याला उघडता येते. रुग्ण तीन वर्षांनी पुन्हा येतो, नवी चित्रे घेतली जातात, तेव्हा क्ष-किरणतज्ज्ञ जुनी चित्रे शेजारच्या पडद्यावर मागवितो, दोन्ही एकाच वेळी सरकवितो, आणि आज जी गाठ दिसते तिची राईएवढी सुरुवात त्या वेळच्या चकतीत होती काय, हे तपासतो. कधी ती तेथे असते. त्या दिवशी ती कोणाला दिसली नव्हती एवढेच. अशा वेळी कोणाचा दोष काढण्यापेक्षा ती गाठ किती वेगाने वाढली हे मोजण्याचे काम अधिक निकडीचे असते, कारण औषध द्यावे, शस्त्र चालवावे की थांबावे, हे त्यावर ठरावयाचे असते. ते मोजता येते, याचे कारण तीन वर्षांपूर्वीचे आकडे अजून तेथे आहेत, आणि कोणीतरी पुन्हा एकदा बसून त्यांकडे पाहिले आहे.